शिळेवरच्या तिपाया

चंद्रपुरात लेन्स बदलायची तर आधी वारा कुठून येतोय ते बघावं लागतं. वारा खाणींकडचा असेल तर कॅमेरा पोटाशी धरायचा, पाठ वाऱ्याकडे करायची आणि श्वास रोखून लेन्स फिरवायची. एवढं करूनही कोळशाचा एखादा कण आत शिरतोच आणि मग महिनाभर प्रत्येक फोटोतल्या आभाळात एक काळा ठिपका दिसत राहतो. पुण्या-नागपूरहून येणाऱ्या हौशी लोकांना मी हा पहिला धडा रेल्वे स्टेशनावरच देते.

माझं काम म्हणजे निसर्गाचे फोटो काढण्याची हौस असलेल्या लोकांना चंद्रपूर-गडचिरोलीत फिरवणं. वडिलांचा स्टुडिओ होता, तो पुढे मी चालवला. पासपोर्टचे फोटो, लग्नं, नामकरणं. मोबाइलमुळे स्टुडिओ बसला तेव्हा मी ओळखीच्या चारदोन जणांना गाडीत घालून वैनगंगेच्या काठी नेलं. त्यांचे फोटो बघून आणखी लोक आले आणि तोच धंदा झाला. माझ्या आत्याला तो शेवटपर्यंत समजला नाही. ती विचारायची, "लोकं एवढ्या दुरून येतात, तुह्या गाडीत बसतात, अन् वाघ पाहात नाई? मंग पाहातात काय?"

"झाडं, पाणी, धुकं."

"धुकं?" म्हणून ती माझ्याकडे काळजीनं बघायची.

वाघ बघायला नशीब लागतं. धुकं बघायला तयारी लागते. पाऊस संपून धान कापायला आलं की रात्री गार होऊ लागतात, पण नदीचं पाणी अजून कोमट असतं. वारा नसेल तर पहाटे पाण्यावर धुक्याचा पातळ थर तरंगतो आणि सूर्य वर आला की बघता बघता विरून जातो. तेवढ्या वेळात फोटो झाला तर झाला. म्हणून अंधार असतानाच जागेवर पोचायचं, तिपाई रोवायची, कॅमेरा लावून थांबायचं. वाहतं पाणी दुधासारखं दिसायला हवं असेल तर लेन्सवर गडद काच चढवायची, म्हणजे कॅमेऱ्याचं दार बराच वेळ उघडं ठेवता येतं. त्या वेळात तिपाई केसभरही हलता कामा नये. वाळूत ती हळूहळू रुतते, चिखलात तर विचारूच नका. त्यासाठी खडक लागतो.

सामानाबद्दल माझा सल्ला असा की लेन्स दोनच आणा, मोजे चार आणा. हे कोणी ऐकत नाही. एक गृहस्थ सात लेन्स घेऊन आले आणि कॅमेरा तिपाईला जोडायची छोटी चकती घरी विसरले. आमच्या गजाननभाऊंनी त्यांचा कॅमेरा गमछ्यानं तिपाईला बांधून दिला. गजाननभाऊ म्हणजे माझ्या गाडीचे चालक, मूळचे चामोर्शीकडचे. आणखी एका बाईंनी मला तलावाकाठचा विजेचा खांब "तेवढ्यापुरता" हलवता येईल का, असं विचारलं होतं. अशा गमती पुष्कळ आहेत आणि दिवाळीत लोकांना त्याच वाचायला आवडतात हे मला ठाऊक आहे. पण या कामाची आठवण म्हणून काही लिहायला बसले की मला एकच सकाळ आठवते, आणि आठवली की कान गरम होतात.

चामोर्शीच्या पुढे वैनगंगेच्या काठी एक जागा आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नदीचं पात्र तिथं फार रुंद आहे. पलीकडच्या काठाला नुसती वाळू, आणि पाण्याची खरी धार अलीकडच्या काठाला लागून वाहते. त्या धारेत सपाट, काळ्या शिळा उतरत गेल्या आहेत. तिपाई ठेवायला याहून चांगली जागा मी दोन्ही जिल्ह्यांत पाहिलेली नाही. शिळांचा शोध मीच लावला असं मी लोकांना अभिमानानं सांगत असे.

त्या वेळी माझ्याबरोबर पाचसहा जण होते. त्यातले दोघे सांगण्यासारखे. एक साठेसाहेब, रस्तेबांधणीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. थंडी वाजते म्हणून त्यांनी नोकरीतलं जुनं नारिंगी जाकीट घातलं होतं, तेच, चमकणाऱ्या पट्ट्यांचं. दुसऱ्या डॉक्टर नीलिमा, अतिशय शांत बाई. फोटो काढताना त्या स्वतःशीसुद्धा बोलत नसत.

आम्ही अंधारात पोचलो. बॅटरीच्या उजेडात मी एकेकाला शिळेवर जागा दिली. पिशव्या मागच्या मोठ्या शिळेवर ठेवल्या. तिपाया रोवल्या गेल्या आणि माझं नेहमीचं ओरडणं सुरू झालं. "डावीकडे घ्या थोडं! लेव्हल बघा, लेव्हल! बुडबुडा मधोमध आला पाहिजे!" नदीच्या फोटोत पाणी एका बाजूला कललेलं दिसलं तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून तिपाईवरचा तो बुडबुडा मी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा बघायला लावते. साठेसाहेब तर हात उंचावून दुसऱ्या टोकाच्या माणसाला खुणा करत होते. जुनी सवय.

उजाडलं. धुकं असं उतरलं होतं की पलीकडचा काठच नाहीसा झाला. एरवी या वेळेला शिळांपाशी कोणी कपडे धुवायला येतं, कोणी जाळं टाकतं, कोणी म्हशी पाण्यात घालतं. मग माझे लोक कुरकुरतात की फोटोत माणूस आला. त्या दिवशी कोणीच आलं नाही. नदी अगदी मोकळी. मी मनात म्हटलं, काय नशीब आहे आज.

मध्येच एकदा मी मागे वळून बघितलं होतं. वरच्या उतारावर पळसाच्या झाडाखाली काही माणसं बसलेली दिसली. वाटलं, डोंग्याची वाट बघणारी असतील. डोंगा म्हणजे इथली लाकडी होडी. पलीकडच्या गावाला दुसरी वाट नाही. मी पुन्हा पाण्याकडे वळले.

ऊन चढलं, धुकं फाटलं, आमचं काम झालं. लोक एकमेकांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवू लागले. नीलिमाताईंचा फोटो बघून तर मी टाळीच वाजवली. करडं पाणी, काळी शिळा, आणि पुढे काही म्हणजे काही नाही.

तेवढ्यात पळसाखालची माणसं उठून खाली आली. सगळ्यांत पुढे एक म्हातारी बाई, तिच्या मागे पंचेचाळिशीचा एक पुरुष, डोकं नुकतंच भादरलेलं, हातात फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं. मागे आणखी तिघंचौघं. बाई माझ्यासमोर येऊन थांबली आणि तिनं अगदी हळू विचारलं,

"झालं का जी तुमचं काम?"

मला आधी काही कळलंच नाही. "हो, झालं," म्हटलं. "का?"

"नाई, आमाले थोडं खाली जायाचं होतं. तुमचं चालू होतं म्हनून बसलो. आमच्यानं तुमचं माप चुकाले नको."

तेव्हा माझी नजर मडक्यावर गेली.

गजाननभाऊ गाडीपाशी होते, ते धावत आले. त्यांनी त्या माणसाशी चार शब्द बोलून मला सांगितलं. बाईचं नाव कौसाबाई. मडकं धरलेला तिचा मुलगा, मारोती. कौसाबाईचा नवरा गेला होता. त्याची राख सावडून हे लोक पहाटेच डोंग्यातून पलीकडून आले होते, कारण पलीकडे नुसती वाळू आणि घोटाभर पाणी. राख धारेतच सोडायची आणि धारेपर्यंत पाय न घसरता जायचं तर या शिळा सोडून दुसरी जागा नाही. राख सोडल्याशिवाय घरात चूल पेटणार नव्हती. त्यांच्यापैकी कोणी पाणीसुद्धा प्यायलेलं नव्हतं.

आणि ते आमचं संपायची वाट बघत बसले होते. कोणी त्यांना थांबवलं नव्हतं. हाताची खूणसुद्धा कोणी केली नव्हती. आमच्या तिपाया दिसल्या, ते नारिंगी जाकीट दिसलं, माझं "लेव्हल बघा" ऐकू आलं, आणि त्यांनी आपापसांत ठरवलं की मधात जायचं नाही.

"भाऊ, यांचं मला आधी का नाही सांगितलं?" मी गजाननभाऊंवर चिडले. चिडायला कोणीतरी हवं होतं.

"मले तरी कोठी माहीत, मॅडम. मी गाडीत झोपलो होतो."

मी कौसाबाईंची माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात मारोतीनंच विचारलं. आवाजात आर्जव होतं, ते अजून आठवतं.

"पूल कोन्या बाजूनं निघून राह्यला, मॅडम? याच गोट्यावरून का वरतून?"

"पूल?"

"तुमी मोजून राह्यले ना?" तो म्हणाला. "बाबाले छातीत दुखाले लागलं तं आमी खाटेवर घेऊन आलो. डोंगा या काठाले बांधला होता. आवाज देऊन देऊन डोंगा येईपर्यंत ते तिकडच्या वाळूतच गेले. कालच मायले म्हनत होतो का पूल असता तं." मग साठेसाहेबांच्या जाकिटाकडे बघून तो म्हणाला, "आज येऊन पाह्यतो तं तुमी लोकं उभे. माय म्हने, पाह्य, तुह्या बाबानंच धाडले."

साठेसाहेब माझ्या कानाशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "होईल म्हणून सांगून टाका हो. आज तरी त्यांना बरं वाटेल."

मी खोटं बोलायच्या अगदी काठावर होते. खरं तर तेच सोपं होतं. ती माणसं मडकं घेऊन समाधानानं खाली गेली असती, आम्ही गाडीत बसून चहाला गेलो असतो. पण पुढच्या वर्षी मला याच शिळांवर यायचं होतं, आणि त्यांना तर इथंच राहायचं होतं. "होईल" या शब्दावर ती आणखी किती पावसाळे बघत बसली असती?

"मारोतीभाऊ," मी म्हटलं, "हे माप नाही. आम्ही सरकारी माणसं नाही. आम्ही फोटो काढत होतो."

"फोटो? काह्याचे?"

"पाण्याचे."

त्यानं नदीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग ओळीनं उभ्या असलेल्या तिपायांकडे. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याला खरोखरच उलगडा होत नव्हता.

"पाण्याचे काऊन?" त्यानं विचारलं.

पाण्याचे फोटो का, यावर मी अनेक शिबिरांत तास-तास बोलले आहे. प्रकाश, रेषा, रिकामी जागा, सगळं. त्या शिळेवर मी नुसतं लेन्सला झाकण लावलं.

"म्हनजे मोजमाप नाईच?"

"नाही."

कौसाबाईंनी मुलाच्या दंडाला हात लावला. "जाऊ दे, मारोती. चाल. ऊन झालं." आणि मला म्हणाल्या, "बाई, ते थैले तेवढे उचला. तिथी उभं राहावं लागते."

आमच्या पिशव्या होत्या ती मोठी शिळाच त्यांची उभं राहायची जागा होती. वर्षानुवर्षं त्यांची. मी शोधून काढलेली नव्हती.

आम्ही पिशव्या उचलल्या, तिपाया काढायला लागलो. अर्धवट उघडी तिपाई तशीच खांद्यावर टाकून मी काठावर गेले. आमच्यातल्या एकाच्या गळ्यात कॅमेरा होता, लांब लेन्सचा. धुकं अजून थोडं होतं, मडकं घेऊन पाण्यात उतरणारा माणूस, मागे पांढरं पात्र. फोटो कसा झाला असता हे मला न बघताही कळत होतं, आणि ते कळत होतं याचीही लाज वाटली. त्याचा हात वर जाण्याआधीच नीलिमाताईंनी त्याच्या लेन्सवर सरळ पंजा ठेवला. त्यांनी आणि आम्ही सगळ्यांनी नदीकडे पाठ केली आणि तसेच उभे राहिलो. मागून मडकं फुटल्याचा आवाज आला, मग एका बाईचं रडणं, मग नुसतं पाणी.

परत जाताना कौसाबाई माझ्यापाशी थांबल्या. मला काहीतरी द्यायचं होतं, काहीही. मूर्खासारखं मी म्हटलं, "बाई, तुमच्या गावाचा, नदीचा एक मोठा फोटो पाठवू का तुम्हाला?"

"पान्याचा?" त्या म्हणाल्या. "पानी तं रोजच दिसते जी."

गाडीत साठेसाहेबांनी जाकीट काढून घडी घालून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "मी सर्व्हेला जायचो ना, तेव्हा प्रत्येक गावात लोक विचारायचे. कधी होणार, कुठून जाणार. मी सगळीकडे 'होईल' म्हणायचो. चहा देत असत लोक." मग खिडकीबाहेर बघत राहिले. उरलेल्या सहलीत त्यांनी कॅमेरा पिशवीतून काढला नाही.

काही महिन्यांनी नीलिमाताईंचा फोन आला. त्यांच्या गावी हौशी लोकांचं प्रदर्शन होतं, आणि तो फोटो निवडला गेला होता. "त्याला नाव द्या म्हणतात," त्या म्हणाल्या. "आयोजकांनी 'निर्मनुष्य' सुचवलंय. काय सांगू?"

फोटो सुंदर होता, त्यात खोटं असं काही नव्हतं. कॅमेऱ्याच्या पुढे खरोखरच कोणी नव्हतं. माणसं कॅमेऱ्याच्या मागे बसली होती. शेवटी त्यांनी फोटो मागे घेतला. मी तसं सुचवलेलं नव्हतं, पण सुटल्यासारखं वाटलं, हे खरं.

पुढच्या हंगामात मी ती जागा यादीतून काढून टाकली. लोक विचारत तेव्हा सांगत असे की हल्ली तिकडे धुकं पडत नाही. धुकं पडतच होतं. मला त्या रस्त्यानं जायचं नव्हतं, एवढंच. कामाच्या पद्धतीत मात्र एक बदल केला: कुठल्याही पाण्यावर लोकांना न्यायच्या आदल्या दिवशी मी गावात जाते आणि उद्या सकाळी इथं कोणाचं काही आहे का, ते विचारते. दशक्रिया, जाळी, कपडे, काहीही. पुष्कळदा आम्हाला दुसरीकडे जावं लागतं. लोक नाराज होतात. होऊ देत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात चामोर्शीच्या बाजारात गजाननभाऊ गाडीत हवा भरून घेत होते आणि मी मिरच्यांच्या ढिगापाशी उभी होते. मागून हाक आली,

"ओ पूलवाल्या बाई!"

मला वळून बघायची गरज नव्हती. मी खरंच मिरच्यांच्या पोत्याआड सरकले. पण कौसाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर टोपली, हातात सुकटाची पिशवी.

"लपून काऊन राह्यल्या?" त्या म्हणाल्या. "मी काय तुमाले पूल मागून राह्यली? चाला घरी."

"आज नको, बाई. पुन्हा येईन."

"पुन्हा कवा? मारोतीले पोरगी झाली. पाहून जा. गजाननभाऊ, तुमी सोडून द्या आमाले काठापर्यंत."

नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. आम्ही शिळांपाशी उतरलो. एक बाई तिथं कपडे धूत होती. डोंगा आला, पाचसहा माणसं चढली, एक शेळी चढली, आणि मी कॅमेऱ्याची पिशवी छातीशी धरून मधोमध बसले. इतकी वर्षं या नदीचे फोटो काढले; नदी ओलांडली मात्र एकदाही नव्हती. धारेत आल्याबरोबर डोंगा असा कलला की मी शेजारणीचं लुगडं धरलं.

"बाई, हालू नका," डोंगेवाला ओरडला.

तळाच्या फटीतून पाणी आत येत होतं. माझे बूट भिजले. कौसाबाईंनी तेलाचा कापलेला डबा माझ्या हातात दिला. "फोटोचं राहू द्या. पानी काढा पह्यले."

मी कॅमेरा शेजारणीच्या मांडीवर दिला आणि पाणी उपसू लागले. जेवढं काढत होते तेवढंच आत येत होतं. कंबर दुखायला लागली. कोणी माझ्याकडे विशेष लक्ष देत नव्हतं. शेळी तेवढी बघत होती. मला वाटलं होतं नदीच्या मधोमध आल्यावर काही सुचेल, काही बोलता येईल कौसाबाईंशी. पण दम लागला होता, आणि त्या डोंगेवाल्याशी मिरचीच्या भावावर भांडत होत्या.

पलीकडची वाळू दिसायला लागली. कोणीतरी पाण्यात उतरून डोंग्याची कड धरली. मारोती होता. डोक्यावर केस आले होते. त्यानं मला ओळखलं. क्षणभर त्याचा चेहरा तसाच झाला, त्या दिवशीसारखा. मग ओळख न दाखवता त्यानं आईला विचारलं,

"पावन्या कोन व्हय?"

"पूलवाल्या बाई," कौसाबाई म्हणाल्या. "पूल नाई आनला. पन पानी काढलं आज त्यायनं."

डोंग्यातली माणसं हसली. मारोतीही हसला, थोडं उशिरानं. मला हसता आलं नाही. त्यानं हात पुढे केला, मी तो धरला आणि घोटाभर पाण्यात उतरले.